स्तंभश्रम आणि मल्लखांब

मल्लखांबाची विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (१७९६–१८१८) बाळंभटदादा देवधर यांनीं निर्माण केली, असा समज रूढ आहे. निजामाकडील मल्लांचें आव्हान आलें असतां वणीच्या सप्तशृंगीपाशीं त्यांस ती स्फुरली, अशी आख्यायिका सांगतात.

परंतु कल्याणीचा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर (११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लासां’तील मल्लविनोद प्रकरण पाहतां हा समज टिकत नाहीं. त्यांत मल्लांच्या मेहनतीचे निरनिराळे प्रकार आहेत: भारश्रम म्हणजे वजन उचलणें, भ्रमणश्रम म्हणजे चालणें, सलिलश्रम म्हणजे पाण्यांतील मेहनत, बाहुपेल्लणकश्रम म्हणजे बाहूंची झटापट, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरील मेहनत. एकाच कसरतीनें मल्ल घडत नाहीं, ही दृष्टि तेव्हांही होती.

मात्र नामसादृश्यावरून अखंड परंपरा सिद्ध होत नाहीं. मध्यें सुमारें पावणेसातशें वर्षें आहेत. म्हणून बाळंभटदादांस जनकही न म्हणतां, केवळ वारसही न म्हणतां, पुनरुद्धारक म्हणणें हेंच तूर्त युक्त होय. आखाड्यांच्या जुन्या बाडांत किंवा हिशेबाच्या कागदांत खांबाचा उल्लेख आढळल्यास संग्राहकांनीं तो क्षुल्लक म्हणून टाकूं नये. तुटलेला दुवा तेथेंच मिळण्याचा संभव आहे.