पावसाची वाट बघणारी अंडी

सॉफ्टवेअरवाल्यांना 'क्रॉन जॉब' नवा नाही. एकदा लावून ठेवायचा आणि विसरून जायचं. ठरलेली वेळ आली की तो आपोआप पळतो. निसर्गात असाच एक जॉब आहे, फक्त तो घड्याळावर नाही, पावसावर चालतो. आजचा इतिहास त्याचा.

1930 साली केनियातल्या नैवाशा सरोवराजवळ एका फार्मवर मेंढ्या गाभडायला लागल्या, कोकरं पटापट मरायला लागली. त्यांना हाताळणारी माणसंही तापाने आजारी पडली. डॉबनी, हडसन आणि गार्नहॅम या तिघांनी शोध घेतला आणि 1931 मध्ये एका नव्या विषाणूची नोंद केली. रिफ्टच्या खोऱ्यातला म्हणून नाव पडलं 'रिफ्ट व्हॅली ताप'. हा रोग डासांमधून आणि आजारी जनावराच्या रक्तामांसाच्या संपर्कातून माणसाला होतो. बहुतेक जण बरे होतात, पण थोड्या जणांची दृष्टी जाते किंवा रक्तस्राव होऊन मृत्यू येतो.

आता गंमत बघा. साथ यायची, जनावरं मरायची आणि मग कित्येक वर्षं विषाणू गायब! मधल्या काळात तो राहायचा कुठे?

उत्तराचा मोठा भाग मिळाला 1980 च्या दशकात. केनेथ लिंथिकम आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या 'डाम्बो' म्हणजे उथळ, खोलगट पाणथळ जागांमधून एडिस जातीच्या डासांच्या अळ्या गोळा करून वाढवल्या. अजून कुणालाही न चावलेल्या त्या डासांमध्ये विषाणू सापडला! म्हणजे आईकडून तो अंड्यात उतरला होता. ही अंडी चिखलात घातली जातात आणि कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. साध्या पावसाने काही होत नाही. डाम्बो तुडुंब भरून काही दिवस तसाच राहिला, की अंडी फुटतात आणि डास चावायला तयार. मग साचलेल्या पाण्यात दुसऱ्या जातीचे, क्युलेक्स डास वाढतात आणि पुढची पळवापळवी ते करतात.

असा पाऊस पाडतो कोण? पॅसिफिकमधला एल निनो आणि आपला शेजारी, हिंदी महासागर. कधीकधी या महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची थंड होते. 1999 मध्ये साजी आणि सहकाऱ्यांनी याचं वर्णन 'डायपोल' म्हणून केलं. 1997 मध्ये एल निनो जबरदस्त होता, तरी भारतात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला. याचं बरंचसं श्रेय शास्त्रज्ञ डायपोलला देतात. थोडक्यात काय, तर ज्याने आपल्याला तारलं, त्यानेच पूर्व आफ्रिकेत महापूर आणले. 1997-98 मध्ये केनियाच्या ईशान्य भागात आणि सोमालियात या तापाची प्रचंड साथ आली. शेकडो माणसं गेली.

1999 मध्येच लिंथिकम, अन्यांबा वगैरे मंडळींनी दाखवून दिलं की समुद्राचं तापमान आणि उपग्रहातून दिसणारा जमिनीचा हिरवेपणा एकत्र बघितला, तर साथीचा अंदाज काही महिने आधी देता येतो. 2006 मध्ये तसा इशारा खरंच दिला गेला. डिसेंबरमध्ये साथ आली, तीही इशारा दिलेल्या भागातच!

टाळ्या? थांबा. केनियात तेव्हा दीडशेहून जास्त माणसं मेली. जनावरांचं लसीकरण सुरू होईपर्यंत जानेवारी 2007 उजाडला होता, आणि पूर आल्यावर लस तरी पोचवणार कशी? अलर्ट वाजला, पण अलर्टनंतर कुणी काय करायचं हे पक्कं नव्हतं. गंमत म्हणजे (की शोकांतिका?) सोमाली पशुपालकांनी विलक्षण पाऊस, डासांचे थवे आणि जनावरांच्या नाकातून येणारं रक्त हे सगळं सरकारी यंत्रणेच्या आधी हेरलं होतं. या रोगाला त्यांच्या भाषेत 'सांदिक', म्हणजे रक्ताळलेलं नाक, असा शब्दच आहे. त्यांचं ऐकून घ्यायची सोय मात्र नव्हती.

सगळं खापर हवामानावर फोडणंही बरोबर नाही. 2000 साली हा ताप सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये पोचला, आणि त्यात जनावरांच्या व्यापाराचा हात असावा असं मानतात. पण हिंदी महासागर वेगाने तापतोय, हे पुण्याच्या आयआयटीएममधल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्यासारख्यांच्या कामातून स्पष्ट झालंय. तापमान असंच वाढलं तर टोकाचे डायपोल जास्त वेळा येतील, असं हवामानाची मॉडेल्स सांगतात.

म्हणजे तो क्रॉन जॉब आता जास्त वेळा पळणार. माणसांसाठी परवाना मिळालेली लस अजून नाही. जनावरांसाठी आहे, पण ती पाऊस पडायच्या आधी टोचावी लागते. आणि पाऊस पडायच्या आधी पैसा कुणाच्या खिशातून बाहेर येतो?

असो. एवढं मात्र खरं, की ती अंडी आत्ताही कुठल्यातरी कोरड्या मातीत आहेत.