दोन रंगांची टोपी आणि तिच्या जोडीचा गळपट्टा

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा गावी थंडी बेताचीच पडते. पौषातल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, शेकोट्या पेटतात, आणि माघ सरता सरता कानटोप्या पुन्हा पेटीत जातात. भोवताली काळी जमीन आणि कापसाची शेते. अशा मुलखात दोन रंगांची नक्षी विणलेली लोकरी टोपी आणि तिच्याच जोडीचा गळपट्टा या वस्तू परक्या हवेतल्या वाटाव्यात, यात नवल नाही. हिमाने झाकलेली बेटे, मेंढरांचे कळप, चुलीशी बसून विणणाऱ्या कोळिणी, असेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु इतिहासाला हे चित्र सर्वस्वी मान्य नाही.

मराठीने या बाबतीत थोडा घोटाळा करून ठेवला आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, आणि सुयांवर मोजाही विणलाच जातो. शब्द एक, क्रिया मात्र निराळ्या. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना छेदतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून पुनःपुन्हा ओढला जातो. म्हणून सुयांवरचे कापड ताणते आणि सोडताच आखडते. डोक्यावर बसणाऱ्या वस्तूला हाच गुण हवा असतो.

या कलेचे जे जुने नमुने शिल्लक आहेत, ते थंड देशांतले नाहीत, इजिप्तमधले आहेत. आणि ते लोकरीचे नसून सुताचे आहेत. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या परिसरातून इ. स. ११०० ते १३०० च्या सुमाराचे पायमोजे व त्यांचे तुकडे मिळाले. त्यांवर निळ्या आणि पांढऱ्या सुताची नक्षी आहे. एकाच ओळीत दोन रंग वागविण्याची युक्ती त्या काळी पूर्णत्वास पोचली होती, हे त्यांवरून स्पष्ट दिसते. त्याच फुस्तातात गुजरातेत छापलेली सुती कापडेही सापडली आहेत. तेव्हा रंगीत विणकाम म्हणजे लोकर, हे समीकरण फार मागचे नव्हे.

ते रूढ झाले त्यात ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधील फेअर आयल या चिमुकल्या बेटाचा वाटा मोठा. १५८८ साली तेथे फुटलेल्या एका स्पॅनिश जहाजावरील खलाशांनी ही नक्षी शिकविली, अशी दंतकथा सांगतात. ती गोड असली तरी अभ्यासकांना पटत नाही. नावलौकिक झाला तो १९२२ साली, इंग्लंडच्या युवराजाने तेथील नक्षीचे बनियन गोल्फ खेळताना घातल्यावर. हेच युवराज आदल्या नोव्हेंबरात मुंबईस उतरले, तेव्हा शहरात बहिष्कार व दंगल चालू होती आणि परदेशी कापडाची होळी झाली होती. एकाच मनुष्याच्या अंगावरील वस्त्राकडे दोन देशांनी किती भिन्न दृष्टीने पाहिले!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टोपी गोल विणतात, त्यामुळे कापडाची सुलट बाजू सतत समोर राहते आणि नक्षी डोळ्यांना दिसते. न वापरलेला रंग मागून आडवा नेतात. हा मागचा धागा पाच टाक्यांहून लांब सोडला तर बोटे अडकतात. फार ओढला तर कापडाला चुण्या पडतात. गळपट्ट्याचे दुखणे वेगळे. तो सपाट, त्याच्या दोन्ही बाजू लोकांस दिसणार, आणि मागच्या आडव्या धाग्यांचे जंजाळ काही पाहण्यासारखे नसते. यावर जुना उपाय असा, की गळपट्टाही नळीसारखा गोल विणावा आणि मग चपटा करावा. सर्व धागे आत झाकले जातात, आणि दुपदरी झाल्याने ऊबही वाढते.

जोड जमविणे मात्र याहून कठीण. इंचाला ६ टाके धरले, तर २० इंच घेराच्या टोपीस १२० टाके लागतात आणि ८ इंच रुंदीच्या दुपदरी गळपट्ट्यास ९६. नक्षी १२ टाक्यांची निवडली, तर टोपीत ती दहा वेळा आणि गळपट्ट्यात आठ वेळा बिनचूक बसते. १० टाक्यांची निवडली, तर टोपीत बसेल, पण गळपट्ट्यात सहा टाके उरतील. शिवाय मागे खालच्या अंगाने नेलेला रंग पुढे किंचित उठून दिसतो. टोपीत निळा धागा खालून आणि गळपट्ट्यात वरून नेला, तर रंग तेच, नक्षी तीच, तरी दोन्ही वस्तू सख्ख्या बहिणी दिसत नाहीत. श्रोत्यांपैकी ज्या भगिनींनी सुया हाती धरल्या असतील, त्यांना हा अनुभव नवा नाही. इंचाला ७ ओळी आणि गळपट्ट्याची लांबी ६० इंच धरली, तर या जोडीत ४५,००० च्या वर टाके पडतात. या कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतः मोजून पाहावा.

महाराष्ट्रात सुईकाम शाळेच्या वाटेने पसरले. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरास मुलींच्या शिक्षणात त्यांनी आयुष्य वेचले. अशा शाळांतून वाचनलेखनाबरोबर सुईकामही शिकवीत. सुयांवरच्या लोकरकामाला पुढे दोन महायुद्धांनी बळ दिले, कारण सैनिकांस मोजे आणि गळपट्टे हवे होते. परंतु लोकर कोठली? धनगराच्या मेंढीची लोकर राठ आणि बहुधा काळी; घोंगडीला ती उत्तम, गळ्याला मात्र टोचते. मऊ रंगीत लोकर बाहेरून विकत आणावी लागे.

उलटपक्षी वऱ्हाडचा कापूस बाहेर जात होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत त्याला सोन्याचा भाव आला, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून हा कापूस परदेशच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. त्याचा तंतू आखूड. लोकरीसारखी लवचीक उसळी कोणत्याच सुतात नसते. सुताची टोपी विणावयाची तर घेर थोडा कमी धरावा लागतो, आणि सूत दुपदरी, पिळदार घ्यावे लागते. ही अडचण खरी, पण दुर्लंघ्य नव्हे. फुस्तातच्या कारागिरांनी ती ओलांडलीच होती. वऱ्हाडातील घरांनी मात्र गाठीचे सूत असताना बाजारची लोकर उचलली, हे मनाला थोडे लागते.

पुढे तीही मागे पडली. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित हिंदुस्थानात आले. गोंदिया जिल्ह्यातील नॉर्गेलिंग ही त्यांची वसाहत १९७२ साली वसली. थंडीच्या तोंडी शहरोशहरी लागणाऱ्या तिबेटी बाजारांत टोपी-गळपट्ट्याची तयार जोडी मिळते. ती बहुतेक लुधियान्याच्या यंत्रांवर कृत्रिम धाग्याची विणलेली असते. स्वस्त, रंगीत आणि निर्दोष. घरच्या विणकामाला तिच्याशी किंमतीत झगडणे शक्य नाही.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मात्र एक निराळीच गोष्ट घडली. ठाण्यात १९२५ साली लोकरीची गिरणी म्हणून आरंभ झालेल्या रेमंडने येथे डेनिम कापडाचा कारखाना काढला. लोकरीवर वाढलेली कंपनी वऱ्हाडात आली ती कापसासाठी. डेनिमचा ताणा निळीत रंगविलेला असतो आणि बाणा पांढरा ठेवतात. फुस्तातच्या मोज्यांवर होते तेच दोन रंग, आणि तेच कापसाचे सूत. फरक इतकाच, की येथे ते मागावर चढते, सुयांवर नाही.