लेबलला पाठवण्याआधी गाणं कोणाला ऐकवायचं? झाडीपट्टीकडे उत्तर आहे

आजचा प्रश्न साधा आहे. गाणं तयार झालंय, अजून कुठेही टाकलेलं नाही, आणि ते एखाद्या म्युझिक लेबलला पाठवायचंय. त्याआधी ते कोणाला ऐकवायचं? आणि ऐकवून विचारायचं काय?

मी दिवसभर कोड लिहितो. पण आमच्या ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी भागात लॅपटॉपवर आणि मोबाईलवर गाणी करणारी पोरं आता गावोगावी आहेत. त्यातल्याच एका मित्राने झाडीबोलीत एक गाणं केलं. धानकापणीवर. ग्रुपवर टाकलं तर पंचवीस जणांनी आगीचे इमोजी टाकले. लेबलांना पाठवलं तर उत्तरच नाही. मग शहरातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, "शब्द बदल, गावठी वाटतात." आता तो शब्द बदलायला बसलाय. म्हणजे बघा, इमोजींनी काहीच सांगितलं नाही, लेबलने काहीच सांगितलं नाही, आणि ज्या एकाने सांगितलं त्याने गाण्याचा जीवच काढायला सांगितला. म्हणून म्हणतो, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही.

आधी लेबलचा इतिहास बघू, म्हणजे त्यांच्याकडून काय मिळणार नाही ते कळेल.

1902 च्या शेवटी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग रेकॉर्डिंगचं सामान घेऊन कोलकात्यात उतरला. गौहर जान यांचं गाणं त्याने तिथे मेणाच्या तबकडीवर घेतलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगारांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. कोलकात्यात सियालदहला कारखाना झाला तो 1908 मध्ये. एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं? हे कंपनी थोडीच शिकवणार! ते गाणारीला आधीच माहीत असावं लागायचं, आणि ते माहीत व्हायचं मैफलीत, समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून.

दुसरं दार आकाशवाणीचं. आपल्या विदर्भात नागपूर केंद्र सुरू झालं 1948 मध्ये. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि कलाकारांच्या चाचण्यांची कडक पद्धत आली. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे मोठे पंडित परीक्षक. समोर कोण गातंय ते परीक्षकांना दिसू नये, अशी सोय केलेली. म्हणजे नाव बघून, घराणं बघून गुण द्यायचे नाहीत. कल्पना चांगलीच होती, तरीही कलाकारांनी या चाचण्यांना मोठा विरोध केला. आणि शेवटी हातात पडायची ती श्रेणी: ए, बी-हाय, बी. कुठल्या जागी सूर सुटला, कुठे ऐकणारा कंटाळला, हे काही श्रेणीत लिहिलेलं नसतं.

आणखी एक गंमत ऐका. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. आमच्याकडे पेटीशिवाय नाटकाचा पडदा उघडत नाही, आणि रेडिओच्या दारात पेटीलाच मनाई! म्हणजे दारावरच्या माणसाची स्वतःची एक आवड असते. तो नाही म्हणाला म्हणून गाणं वाईट होतं, असं सिद्ध होत नाही.

थोडक्यात काय, दार फक्त हो किंवा नाही म्हणतं. कोडच्या भाषेत सांगतो. "ॲप चालत नाही" एवढंच कोणी कळवलं तर त्याचा काही उपयोग नाही. "तिसऱ्या पानावर बटन दाबलं की अडकतं" हे कळलं की दुरुस्ती सुरू करता येते. गाण्याचंही तेच. "छान आहे" आणि "नाही जमलं" ही दोन्ही उत्तरं सारखीच निरुपयोगी. आपल्याला जागा हवी. कुठे?

जागा शोधायची ही पद्धत मराठी रंगभूमीने फार आधी वापरली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 ला रंगमंचावर आलं. पण पूर्ण नाही, सातपैकी पहिले चार अंकच. दोन वर्षांनी 18 नोव्हेंबर 1882 ला 'संगीत सौभद्र' आलं, तेही पाचपैकी तीन अंक. उरलेले अंक नंतर. 'रामराज्यवियोग'चे तर तीनच अंक झाले आणि 1885 मध्ये अण्णासाहेब गेले. तिन्ही नाटकं अर्धी असतानाच लोकांसमोर आली. यामागे वेळेची घाई असेल, मंडळीची गरज असेल. पण परिणाम एकच झाला. पुढचे अंक उभे राहण्याआधी आधीची पदं तिकीट काढून आलेल्या माणसाने ऐकलेली होती. कुठल्या पदाला वन्स मोअर येतो आणि कुठल्या पदाला लोक पान लावायला उठतात, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. आजच्या भाषेत ही बीटा आवृत्ती, 1880 सालची.

आता आपल्या घरी येऊ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ही झाडीपट्टी. झाडी म्हणजे जंगल. दंडार, खडीगंमत या लोककलांच्या मातीतून इथली रंगभूमी उभी राहिली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोककला यांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. कुरखेडा भागातले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाकी महाराष्ट्राने वळून बघितलं.

हंगाम सुरू होतो दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत. धान घरात येतं, हातात थोडे पैसे येतात. गावातलं मंडळ वडशाच्या कंपनीकडून नाटक घेतं, तिकिटं लावतं. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. माणसं चटई, घोंगडी, लेकरं घेऊन येतात. मंचाच्या बाजूला पेटी, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक जिवंत वाजवत असतात.

इथली खरी खुबी बघा. शहरातल्यासारख्या महिनाभर तालमी इथे नसतात. कलाकार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, प्रॉम्प्टर सांभाळून घेतो. त्यामुळे हंगामाचे पहिले प्रयोग हीच तालीम. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. गाणं, विनोद, लांबलेला प्रवेश, सगळं रोज नव्या माणसांसमोर. रात्री दोन वाजता, थंडीत, झोप डोळ्यांवर असलेला माणूस खोटं कौतुक करत नाही. गाणं पडलं की तो बाजूच्याशी बोलायला लागतो, शेकोटीकडे जातो, नाहीतर सरळ आडवा होतो. पेटीवाला हे सगळं बघत असतो. दुसऱ्या दिवशी एक कडवं कमी होतं, लय थोडी वाढते. कोणी फॉर्म भरून घेतला नाही, कोणी मत विचारलं नाही.

फसवणारं कौतुकही तिथेच असतं. मधेच कोणी नोट देतो आणि माईकवरून त्याच्या नावाची घोषणा होते. कधी ते बक्षीस गाण्याला असतं, कधी स्वतःचं नाव ऐकण्यासाठी. जुने कलावंत नोट घेतात, पण लक्ष ठेवतात मागच्या रांगेवर. तुमच्या ग्रुपवरचे आगीचे इमोजी म्हणजे ती नोट. घ्या, धन्यवाद म्हणा, आणि मागची रांग शोधा.

भामरागड, एटापल्लीकडे माडिया गोंड लोकांच्या रेला गाण्यांत तर ऐकणारा वेगळा नसतोच. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी हातात हात धरून ती उचलायची. ज्या ओळीला उचलणारे मिळाले नाहीत, ती कोण पुढे नेणार?

तर यातून आपल्या हाती काय लागतं? मी माझ्या त्या मित्राला जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

पहिलं, बघा आणि विचारू नका. गाणं लावा, समोर बसा, आणि माणूस मोबाईल कधी उचलतो ते सेकंदासकट लिहून ठेवा. तीन वेगवेगळी माणसं एकाच जागी सुटली, तर दोष त्या जागेचा.

दुसरं, आकाशवाणीकडून पडदा घ्या. "हे माझं आहे" असं सांगू नका. इतर दोन गाण्यांच्या मधे आपलं गाणं ठेवा आणि गप्प राहा.

तिसरं, दुसऱ्या दिवशी विचारा: कुठली ओळ आठवते? कुठलीच नाही म्हणाला, तर त्यात त्याची चूक नाही.

चौथं, किर्लोस्करांसारखं अर्धं ऐकवा. मुखडा आणि एक कडवं झालं की लगेच. पूर्ण मिक्सिंग झाल्यावर आपण कोणाचंच ऐकत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोणाचा कान कशासाठी, हे ठरवा. आवाज फाटतोय का, बास जास्त आहे का, हे शहरातल्या साऊंडवाल्याला विचारा, त्याला ते जास्त कळतं. पण धानकापणीचा शब्द बरोबर आहे की नाही, हे त्याला विचारायचं नाही. ते बांधावर उभ्या असलेल्या मावशीला विचारायचं.

माझ्या मित्राचं गाणं अजून कुठेच गेलेलं नाही. ठरलंय असं की मंडईच्या दिवसांत एका नाटकाच्या मध्यंतरात, पेटीवाल्याला सांगून, ते नाव न सांगता वाजवायचं. शब्द झाडीबोलीतलेच राहतील. लोक शेकोटीकडे गेले तर कडवं बदलू. बसून राहिले, तर मग लेबलला पाठवू. तिकडून नाही आलं तरी, ते नाही कितपत मनावर घ्यायचं हे आम्हाला तेव्हा माहीत असेल.

तुमच्याकडेही असं न पाठवलेलं गाणं असेल, तर आधी घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला ऐकवा. भेटू पुढच्या भागात. येतो जी!