गोत बसलें ती जागा : कोऱ्हाळे बुद्रुकच्या निमित्तानें

महजर हातीं आला कीं आपण त्याची लांबी, मिती व शिक्के बारकाईनें टिपतों. ज्या जागीं गोत बसलें तिची नोंद मात्र क्वचितच करतों. प्रस्तुत टिपण त्या जागेविषयीं आहे.

कोऱ्हाळे बुद्रुक हें बारामती तालुक्यांतील, नीरेच्या खोऱ्यांतलें गांव. बुद्रुक म्हणजे फारशी बुजुर्ग, थोरलें. धाकटें तें कोऱ्हाळे खुर्द. देशावरील गांवाची जुनी विभागणी काळी व पांढरी अशी. काळींत पीक, पांढरींत वस्ती. पांढरींत घरें भिंतीला भिंत लावून. मोकळीक काय ती वेशीपाशीं, देवळापुढें, चावडीपुढें व पाराभोंवतीं. ही जागा चुकून उरलेली नव्हे, राखलेली आहे. वड किंवा पिंपळ, त्याला दगडी ओटा, आणि अश्वत्थ तोडणें हें पातक. मग तेथें घर घालण्यास कोण धजणार?

कौटिल्यानें जनपदनिवेशाच्या प्रकरणांत खेड्यांत करमणुकीच्या शाळा नकोत असें सांगितलें आहे. त्याच प्रकरणांत, सामाईक सेतुबंधांतून जो अंग काढील त्यानें आपले मजूर व बैल धाडावे, असेंही आहे. आपला पार या दुसऱ्या आज्ञेच्या जातीचा होय : विहारासाठीं नव्हे, एकत्र बसण्यासाठीं. पाटलाचा नांगर व बलुत्यांच्या निशाण्या एका कागदावर येण्यापूर्वीं तीं माणसें एका सावलींत यावीं लागत. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष मोलाची, महारवाडा मात्र वेशीबाहेर. पाराचें कौतुक करतांना हें झांकणें इतिहासास शोभत नाहीं.

मोकळी जागा नेहमीं तंटा मिटवितेच असें नाहीं. याच तालुक्यांतील (तेव्हांचा भीमथडी) सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं जमलेले कुणबी सावकारांवर उठले. त्यांचा रोख वह्यांवर व कर्जरोख्यांवर होता. त्या दंग्यांत किती दप्तरें गेलीं, या विचारानें संग्राहकास हळहळ वाटेल. पण त्याच दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा झाला.

पुढें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, बागाईत वाढली, व पांढरी सोडून मळ्यांतील वस्तीवर राहण्याचा प्रघात पडला. शेजार विरळ झाला. पारावर येण्यास आतां निमित्त लागतें.

ज्यांच्या संग्रहीं या टापूंतील महजर असतील त्यांनीं बैठकीच्या स्थळाचा उल्लेख आढळल्यास तो त्रैमासिकाकडे कळवावा, व पार अद्याप उभा असल्यास झाडाची जात आणि ओट्याचें मापही सोबत पाठवावें.