भारतीय हवाई टपालसेवेचा प्रारंभ आणि इंधनपुरवठ्याचा प्रश्न

भारतातील नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात १५ ऑक्टोबर १९३२ या दिवसाचे महत्त्व सर्वमान्य आहे. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू गाठले; तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या घटनेचे वर्णन बहुधा वैमानिकांच्या धाडसाच्या अंगाने केले जाते. विमानात भरलेल्या पेट्रोलचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो केला आहे.

अहमदाबादला बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आले. हा तपशील गमतीचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो तांत्रिकदृष्ट्या गंभीर आहे. पत्र्याच्या डब्याला आतून गंज चढतो, हवेतील बाष्पाचे पाणी होऊन आत साचते. मराठवाड्यातील घरांत रॉकेलचे रिकामे डबे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा गंज वेगळा सांगावयास नको. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते व नळीत प्रथम तेच उतरते. यासाठी पेट्रोल मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळून भरण्याची रीत त्या काळी होती. पेट्रोलने भिजलेले असे कातडे पेट्रोल जाऊ देते, पाणी अडविते.

पुस मॉथ हे उंच पंखांचे, एकाच इंजिनाचे विमान. टाक्या पंखांत असल्याने पेट्रोल स्वतःच्या वजनानेच कार्ब्युरेटरकडे उतरत असे. अशा रचनेत पंप बिघडण्याचे भय नसते. परंतु पेट्रोल रेटणारेही काही नसते. गंजाचा कण जेटमध्ये अडकला तरी इंजिन गुदमरते. टाकीचे हवेचे छिद्र बुजणे हा दोष तर विशेष फसवा आहे. टाकीत पेट्रोल असते, नळ उघडा असतो, तरी आतील हवेचा दाब घटत जाऊन प्रवाह मंदावतो. जमिनीवर उतरून झाकण काढताच हवा आत शिरते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो! म्हणून दोषाचा शोध छिद्रापासून सुरू करून नळ, गाळणी, जेट या क्रमाने घेणे इष्ट ठरते. सोबत रेडिओही नसलेल्या वैमानिकाचा जीव या तपासणीवर अवलंबून होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई व सेवा पुण्याला हलवावी लागे. दमट हवेत पेट्रोल कोरडे राखणे किती कठीण, हे यावरून समजते.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेडची धावपट्टी १९५८ ची, तर लातूरची १९९१ ची. छोट्या विमानाच्या टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून त्यात पाणी आहे का, हे उड्डाणापूर्वी आजही पाहिले जाते.