एक डॉलरचें घड्याळ
१८९५ सालीं जोशुआ स्लोकम हा एक्कावन्न वर्षांचा कप्तान 'स्प्रे' या ३७ फुटी शिडाच्या होडींतून बोस्टनहून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. जहाजी घड्याळाच्या दुरुस्तीस १५ डॉलर पडत. तें घरीं ठेवून त्यानें फुटक्या तबकडीचें पत्र्याचें घड्याळ एका डॉलरला घेतलें. भरवसा होता तो होडीवर. हिंदी महासागरांत २३ दिवसांत २,७०० मैल कापतांना सुकाणूपाशीं तो जेमतेम तीन तास बसला!

जगाची खबर मात्र तुटली. १८९८ च्या मे महिन्यांत 'ओरेगॉन' या अमेरिकन युद्धनौकेनें निशाणें चढवून विचारलें, आसपास लढाऊ जहाजें आहेत काय? स्पेनशीं युद्ध जुंपल्याचें स्लोकमला तेव्हां कळलें. 'नाहींत' असें कळवून, संरक्षणासाठीं दोघांनीं बरोबरच जावें, अशी सूचनाहि त्यानें धाडली. त्या अजस्र नौकेला ती मानवली नाहीं.