उपपदाविना नांदलेली भाषा

आटपाडी हे आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत ते औंध संस्थानात होते. याच माणदेशातील माडगुळे गावी १९२७ साली जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी, धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेल्या तरुण मास्तराची कथा ‘बनगरवाडी’ या कादंबरीत सांगितली. राम देशमुख यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने प्रसिद्ध झाले. मूळ नावात कोठेही नसलेला ‘द’ इंग्रजी नावाच्या उंबरठ्यावरच उभा राहिला. ‘अ व्हिलेज’ म्हटले असते तर ते असंख्य गावांपैकी कोणतेही एक गाव झाले असते. ‘द’मुळे, कधीही न पाहिलेली ती वाडी परक्या वाचकाला जणू ओळखीची होऊन भेटते.

या ‘द’ला आणि ‘अ’ला व्याकरणात उपपद म्हणतात. मराठीत उपपदे नाहीत. मग मराठी माणसाला ओळखीची वस्तू आणि अनोळखी वस्तू यांतला भेद कळत नाही काय? ‘धनगर मेंढरू शोधतो आहे’ आणि ‘धनगर मेंढराला शोधतो आहे’ ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात कोणतेही मेंढरू चालेल; दुसऱ्यात हरवलेले ते नेमके मेंढरूच हवे. इंग्रजीने ‘द’वर सोपविलेले काम येथे ‘ला’ या प्रत्ययाने केले. कहाणी सांगणारी आजीही आधी ‘एक राजा’ म्हणते आणि पुढे ‘त्या राजाला’ म्हणते. हे तिला कोणत्याही शाळेने शिकविलेले नसते.

आमच्या समाजाच्या इतिहासात याच वाटेने उलट दिशेने चाललेला एक प्रवासी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांची मातृभाषा उपपदांची, गोव्याच्या राज्यकर्त्यांची पोर्तुगीजही उपपदांची. तरीही त्यांनी उपपद नसलेल्या मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले. त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापून निघाले. उपपदाविना त्या महाकाव्याचे काही अडले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत आमच्या वाडवडिलांनी ज्या लॅटिनमध्ये मिस्सा ऐकली, त्या लॅटिनमध्ये तरी उपपद कोठे होते?

उपपदे मुळात आली कोठून, हे पाहिले की त्यांची भीती उरत नाही. इंग्रजीतील ‘द’ हा जुन्या इंग्रजीतील ‘तो, ती, ते’ अशा दर्शक सर्वनामाचा झिजलेला अवशेष आहे. ‘ॲन’ हा ‘एक’ या अर्थाच्या ‘आन’ शब्दापासून आला. पुढे व्यंजनापूर्वी त्यातला ‘न’ गळाला आणि ‘अ’ उरला. म्हणून ‘ॲन’ हेच मूळ रूप होय, आणि निवड अक्षरावरून न होता उच्चारावरून होते: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. पोर्तुगीजमध्येही लॅटिनच्या ‘तो’पासून ‘ओ’ आणि ‘एक’पासून ‘उं’ झाला. म्हणजे या भाषांनी उपपदे घडविली ती आजीच्या ‘एक’ आणि ‘तो’ यांसारख्याच शब्दांतून!

२००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. मेंढपाळाचे मूलही आता सहाव्या वर्षी या उपपदांना सामोरे जाते. नियम पाठ होतात, अपवाद छळतात आणि इंग्रजी आपल्यासाठी नव्हेच, असा ग्रह मनात घर करतो. आटपाडीत १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात दारिद्र्य आणि अस्पृश्यतेचे चटके सोसून वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा मातीतील मुलाची वाट एका ‘द’ने अडावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी नियमापूर्वी मुलाला एवढेच विचारावे: “तू कोणतेही एक मेंढरू म्हणतोस, की तेच मेंढरू?” उत्तर त्याच्यापाशी असते. त्याला इंग्रजी वेष कोणता चढवायचा, तेवढेच मग शिकवायचे उरते.